स्वयंपाकघरातला ऑक्सिजनचा सेट

आई,

तो सेट तू स्वयंपाकघरात ठेवू दिलास, याचं मला अजून नवल वाटतं. ज्या खोलीत बाहेरच्या चपलांना मज्जाव, तिथे खाऱ्या पाण्याचा आणि जुन्या रबराचा वास मारणारी ती वस्तू मी पाटावर ठेवली आणि तू फक्त पाट भिंतीकडे सरकवलास. शुक्रवारची संध्याकाळ होती. तू शब्बाथचा दिवा लावायच्या तयारीत होतीस. दिवा लागल्यावर शनिवार उलटेपर्यंत आपल्या घरात कामाला हात लागत नसे, त्यामुळे तो सेट तसाच पडून राहिला. येता-जाता तू नुसती त्याच्याकडे पाहत होतीस, न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तशी.

मी तेव्हा मुंबईच्या गोदीत एका कंत्राटदाराकडे पाणबुड्या होतो. बुडालेले नांगर, साखळ्या, कधी एखादा मालाचा पडाव वर काढायचं काम. डोक्यावर पितळी टोप आणि होडीतल्या पंपावरून नळीने येणारी हवा, याची तुला सवय झाली होती, निदान तू तसं दाखवत तरी होतीस. मग कंत्राटदाराने दुसऱ्या महायुद्धातून उरलेले ऑक्सिजनचे सेट विकत आणले. वरून येणारी नळी नाही, पंप नाही, छातीवर एक रबरी पिशवी बांधायची आणि उतरायचं. शिकायला कोण तयार आहे असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. सगळे हसले. त्यांना हसायला काय जात होतं? बाबा मी शाळेत असतानाच गेले होते. आपल्या ज्यू समाजातली कितीतरी घरं त्या वर्षांत इस्रायलला निघाली, त्यात दादाही गेला. पनवेलच्या त्या घरात तुला मी आणि मला तू, एवढेच उरलो होतो. हो म्हणायचं ते मला एकट्याने म्हणवेना.

रविवारी सकाळी तू पोळ्यांची परात बाजूला सरकवलीस आणि म्हणालीस, "हं. मी माझ्या चौथीतल्या मुलींना शिकवते तसं सांग."

मी सांगायला लागतो. या बाटलीत ऑक्सिजन. तो या पिशवीत येतो, पिशवीतून मी घेतो. सोडलेला श्वास बाहेर जात नाही, तो या डब्यातून फिरतो. डब्यात चुन्यासारखे खडे असतात, ते श्वासातली घाण शोषतात, आणि तोच श्वास परत मला मिळतो. तू सगळं ऐकून घेतेस आणि विचारतेस, "आणि बिघडलं तर?" तेही सांगतो. डब्यात पाणी शिरलं तर तोंड भाजतं. खडे जुने झाले तर डोकं दुखतं, धाप लागते. सुरुवातीला पिशवीतली साधी हवा नीट काढली नाही तर माणूस झोप लागल्यासारखा गळून जातो. आणि तीस फुटांच्या खाली गेलं की हाच ऑक्सिजन विषासारखा वागतो, आकडी येते.

"हे सगळं व्हायच्या आधी कळतं का?"

खोटं बोलायला फार सोपं होतं. "नेहमी नाही कळत," म्हटलं.

तू पदराला हात पुसलेस, नळीचं टोक उचललंस आणि सरळ तोंडात धरलंस. मी घाबरून बाटली उघडली, पिशवीतली साधी हवा काढून टाकली, तुझ्या नाकाला चिमटा लावला. शाळेत सगळ्या मुली जिला टरकायच्या ती माझी आई नाकाला चिमटा लावून विझलेल्या चुलीपाशी बसली आहे, पिशवी फुगते आहे, बसते आहे. थोड्या वेळाने तू ते काढलंस. "चव घाणेरडी आहे," म्हणालीस. मग म्हणालीस, "दादाला मी नको म्हटलं नाही, तुलाही म्हणणार नाही. पण तुला जो शिकवणार आहे, त्याला मला भेटायचं आहे."

शिकवणारे उस्ताद उरणचे. लढाईच्या काळात आरमारात पाणबुडे होते. पुढच्याच आठवड्यात ते आपल्याकडे आले, तर तू त्यांना चहाच्या आधी प्रश्नच दिलेस. ते बिचारे टोपी मांडीवर ठेवून उत्तरं देत होते. "बाई, पोराच्या कमरेला दोरी बांधीन, दुसरं टोक माझ्या हातात. त्याने तीन झटके दिले की मी ओढलाच."

"आणि त्याने लाजेपायी झटके दिलेच नाहीत तर?"

उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "ये बात बरोबर हाय. ते माझ्या हातात नाय."

तू माझ्याकडे वळलीस. "ऐकलंस ना? वर यायची लाज वाटून घ्यायची नाही. कोणी काही म्हणो." एवढीच तुझी अट. त्यानंतर उस्तादांना तू जेवल्याशिवाय सोडलं नाहीस, आणि नारळाच्या दुधातली मासळी त्यांनी दोनदा मागून घेतली.

मी शिकलो. महिनाभर कमरेएवढ्या पाण्यात नुसता श्वास घेत बसलो, मग हळूहळू खाली. आणि पुढच्या हिवाळ्यात उरणला मोऱ्याच्या धक्क्याजवळ एका लाँचच्या तळाचा पंखा गळून पडला, तो काढायला मला उतरवलं. होडीतून सोडलेल्या दुसऱ्या एका दोरीला तीस फुटांवर मोठी गाठ होती, अंधारात हाताला लागेल अशी. ओहोटीला पंखा गाठीच्या वर होता. पण तो चिखलातून मोकळा करता करता भरती लागली, पाणी चढलं, त्याबरोबर होडी चढली, आणि गाठही वर गेली. पंखा आता गाठीखाली आहे. फक्त साखळी अडकवायची बाकी आहे. मी गाठीवरचा हात काढून खाली सरकतो, साखळी पुढे करतो, आणि माझा खालचा ओठ उडायला लागतो. आपोआप, डोळा लवावा तसा; आकडीच्या आधीची ही खूण उस्तादांनी सांगितली होती. एक क्षण वाटलं, एवढं अडकवू आणि जाऊ. हात पुढे गेलाही होता. मग साखळी सोडली आणि तीन झटके दिले.

वर मुकादम ओरडत होता, "हाताशी आलेला पंखा टाकून आलास?" उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "ओठ उडाला?" मी मान हलवली. ते खाली बसले. "अल्लाची मेहेर. पुष्कळांना तेवढी पण मोहलत नाय मिळत." दुसऱ्या दिवशी पितळी टोपवाला पाणबुड्या उतरला आणि पंखा वर घेऊन आला. पुन्हा त्याचं कोणी नावही काढलं नाही.

घरी येऊन मी तुला सगळं सांगितलं, जरा रंगवूनच. तू वाढता वाढता ऐकत होतीस. माझं झाल्यावर म्हणालीस, "गाठीच्या खाली गेलास ते आधी चुकलं. वर आलास ते बरोबर केलंस. त्यात फुशारकी कसली?" आणि माझ्या पानात माशाची आणखी एक तुकडी वाढलीस. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

त्यानंतर तू गेलीस तोपर्यंत, आणि तू गेल्यावरही बरीच वर्षं, मी तो सेट वापरला. आता माझं वय तुझ्या शेवटच्या वयाच्या पुष्कळ पुढे गेलं आहे. फुप्फुसं धड आहेत, आणि सकाळी चालून आलो की चहा छान लागतो.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. कामापुरता उतरतो आणि काम झालं की वर येतो, असं मी तुला कायम सांगत आलो. नेहमी तसं नव्हतं. त्या सेटमधून बुडबुडे सुटत नाहीत, आवाज होत नाही. एकदा थंडीत, उरणच्या पलीकडे खडकांपाशी पाणी इतकं नितळ होतं की काम संपल्यावर मी खडकाला धरून तिथेच बसून राहिलो. मासे अगदी जवळ यायचे, पिशवीला तोंड लावून बघायचे. वरून उस्ताद दोरी हलवून विचारत, ठीक आहेस ना? मी एक झटका देई, ठीक आहे. ते पुन्हा विचारत, मी पुन्हा देई. त्यानंतर जेव्हा जेव्हा पाणी नितळ मिळालं, तेव्हा मी असाच बसलो. आई, मला तिथून वर यावंसंच वाटायचं नाही.