जर्मनचा गंज

पुलगाव

प्रिय दादा,

तू जाऊन वर्ष होत आलं. आज नववीच्या मुलींना उभयधर्मी पदार्थ शिकवले आणि घरी आल्यावर तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

तो रविवार आठवतो? घरी साबण करायचं तुझ्या मनात आलं. लोखंडी कढई शेजारी लग्नघरी गेलेली, म्हणून आईचा नवा जर्मनचा गंज, ते मोठं पातेलं, घेतलास. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मनच म्हणतात. कॉस्टिक सोड्याचं पाणी त्यात ओतलंस, ते फसफसून उसळलं आणि तुझ्या उजव्या डोळ्यात गेलं.

"यमू, मले दिसून नाई राह्यलं," एवढंच म्हणालास. शेजारीण तूप घेऊन धावली. तिला अडवलं आणि टांगा येईपर्यंत मी डोळ्यावर पाणी ओतत राहिले.

डोळा वाचला. पण बाबा मला म्हणाले, "बस झालं तुझं कॉलेज. हे शास्तर घरात नको."

पट्टी बांधलेल्या डोळ्यानं तू खाटेवर उठून बसलास. "गंज मी घेतला, बाबा. तिनं पाणी टाकलं म्हणून डोया राह्यला. पोरगी शिकन."

बाबांनी तुझं ऐकलं. मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागले.

पुढे प्रयोगशाळेत तुरटीच्या पाण्यात कॉस्टिकचे थेंब टाकले, तर दह्यासारखा पांढरा साका आला. त्यात आम्ल टाकलं, विरघळला. दुसऱ्या नळीत आणखी कॉस्टिक टाकलं, तरी विरघळला! सर म्हणाले, ॲल्युमिनियमचं असंच, उभयधर्मी. आम्लही खातं त्याला आणि अल्कलीही.

घरी येऊन तुला सांगितलं.

"म्हंजे जर्मनले आंबट बी चालत नाई अन् खार बी?"

"नाही चालत."

"मंग हे कोणी सांगत काऊन नाई?"

दुसऱ्या दिवसापासून तूच सांगत सुटलास. तू कामाला होतास त्या कापडगिरणीत कोणी जर्मनच्या डब्यात कॉस्टिक नेताना दिसला की थांबवायचास. सोबती तुला 'जर्मन मास्तर' म्हणत, तू हसायचास.

एकच राग आहे, दादा. त्या डोळ्याचं दिसणं हळूहळू पार गेलं होतं, हे मला तुझ्यामागे वहिनीकडून कळलं. का लपवलंस? माझी परीक्षा होती म्हणून? मी नागपूरला नेलं असतं तुला.

तुझी लेक मंदा पुढल्या वर्षी माझ्या वर्गात येईल. परीक्षानळी कशी धरायची, तोंड कुठे वळवायचं, हे तिला मीच शिकवीन. तिचे डोळे मी जपेन.

तुझी धाकटी,
यमू