आईच्या नावाची जागा

पेरणीच्या ऋतूचा तिसरा महिना, दिवस बारावा
थडगी कोरणाऱ्यांचं गाव, नदीचा पश्चिम काठ

चि. हेनुत,

आमोन देवाने तुला रोज सकाळी धडधाकट उठवावं, एवढंच मागणं. तुझ्या यजमानांना माझा नमस्कार. इकडे धान्य वेळेवर आलं. गाढवीला पिल्लू झालं; तुझी वहिनी वेबखेत म्हणते, तोंडवळा थेट माझा आहे.

मेरुतला ताप आहे.

मांत्रिक काहाकाकांनी मंत्र लिहिला, त्याची शाई बिअरमध्ये धुऊन तिला पाजली, गळ्यात गाठींचा दोरा बांधला. ‘वेबखेतच्या पोटची मेरुत’ असं म्हणून तापाला जायला सांगितलं. तो गेला नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. तेव्हा काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “पशेदू, आईचं नाव चुकलं की देव दुसऱ्याच दारात जाऊन उभा राहतो.”

वेबखेतने त्यांना तिथंच झापलं. इतकी वर्षं हिचं हगणंमुतणं मी काढलं, मला नाव शिकवू नका म्हणाली. पण आज भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. “हेनुतला लिहा,” म्हणाली. “माझं नाव पुसा.” आणि पुन्हा थापायला लागली.

बाप कोण, हे मी तुला कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. लेकरू वहिनीच्या कुशीत ठेवून तू पलीकडे सासरी गेलीस, ते आपण तिघांनीच जपलं. पण हा मंत्र दारात उभं राहून मोठ्यानं म्हणावा लागतो, आणि तुझ्या सासूची बहीण आमच्या समोरच राहते. तिच्या कानावर पडलेलं नदी ओलांडणारच. तुझं घर मोडेल, हे कळतं मला.

पपायरसच्या नव्या पट्टीवर मंत्र मी माझ्या हाताने लिहिला आहे. आईच्या नावाची जागा कोरी आहे. तू येऊ नकोस. तुझ्या वस्त्राचा एक धागा, स्वतः गाठ मारून, हे पत्र आणणाऱ्या पाणक्याबरोबर पाठव. तो आला की नाव भरतो. नाही आला, तर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. वेबखेतचंच राहील, आणि मी देवापुढे डोकं टेकून बसेन.

पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. अक्षरं तुला मीच शिकवली आहेत. वाचलंस की धुऊन टाक.

आजवर तुला लिहिताना खाली ‘मेरुतचा बाप’ असं लिहीत आलो. आज देवाचं काम आहे, हात धजत नाही.

मेरुतचा मामा,
पशेदू