न उघडलेलं मत

लेक ऑस्बी, २९ ऑक्टोबर

चि. आर्लन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांना दफनभूमीत पोचवून सोमवारी घरी आले, तेव्हापासून कशात लक्ष नाही. शेजारणींनी जेवणासाठी भाजून आणलेले हॉटडिश तसेच पडलेत. तू नीट जेवतोस ना, की कचेरीतल्या कॉफीवरच चाललंय?

एकच मागायचंय. बाबांचं टपालाचं मत मीच टपालपेटीत टाकलं होतं. मतपत्रिका भरायला त्यांना अर्धा तास लागला. मी नियमाप्रमाणे तोंड फिरवून बसले होते. या मध्यावधी निवडणुकीत सिनेट आपल्या पक्षाकडे आलेलं बघूनच डोळे मिटीन, म्हणायचे. अकरा दिवस कमी पडले रे!

मतदानाआधी माणूस गेला तर त्याचं पाकीट उघडत नाहीत, ठाऊक आहे मला. पण गावचा निवडणूक कारकून तूच ना? शंभर पाकिटांत एक कोण बघतंय? बाबांचंही मोजू दे. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त मागते आहे.
तुझी,
सोल्वेग

नॉर्बी, ६ नोव्हेंबर

ती. सोल्वेगताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारीच मिळालं. उत्तर द्यायचा धीर झाला नाही.

मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, पाकिटं लावताना बाबांचं हातात आलं. दोनदा गठ्ठ्यात परत सरकवलं. मग लुसिलबाई आठवल्या. मागच्या निवडणुकीत त्यांच्या नवऱ्याचं पाकीट मीच बाजूला काढलं होतं, आणि त्या रडत असताना वर नियम वाचून दाखवला होता. बाबांच्या पाकिटावर ‘मयत’ लिहिलं. माझ्याच हातानं, ताई.

आपला माणूस चारशे मतांनी पडला, सिनेट समोरच्या पक्षाकडे गेलं. एका मतानं काय झालं असतं, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

पाकीट बावीस महिने कपाटात ठेवायचं, मग न उघडताच फाडायचं, असा कायदा आहे.

शिव्या घाल, पण लोभ राहू दे.
तुझा,
आर्लन

लेक ऑस्बी, १० नोव्हेंबर

चि. आर्लन,
आशीर्वाद.

आधी खूप चिडले. गधड्या, बापापेक्षा नियम मोठा का, असं लिहिलं आणि कागद फाडला. मग रडले. बाबांनी तुला शाबासकी दिली असती आणि मला झापलं असतं, हे मलाही कळतं. कळून काही होत नाही.

बावीस महिन्यांनी मला बोलाव. ‘पाकीट उघड’ असं म्हणणार नाही. पण ते मत त्यांनी जिवंतपणी दिलंय. तू एकट्यानं फाडू नकोस.

तोवर लोभ सांभाळ.
तुझी ताई