इसिल्डाने थाळीत टाकलेल्या क्वाट्या

मी, फर्डिनंड ऑसबोर्न टुलोक, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त टपाल कारकून, राहणार गिलियड गाव, फाल्मथजवळ, ट्रेलॉनी परगणा, जमैका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पन्नास वर्षे इसिल्डाशी संसार करूनही ते ठिकाणावर राहिले, याहून मोठा पुरावा कोर्टाला हवा असेल तर कोर्टाने तो स्वतः शोधावा. मी कुणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारी बाई गुलामी सुटल्याच्या मुक्तिदिनाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली आहे, म्हणूनच हा मुहूर्त साधला आहे.

कलम एक. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागात लिहिले होते, दुसरे तापात आणि तिसरे जावई येऊन गेल्यावर.

कलम दोन. घर, परस, परसातील ब्रेडफ्रूटचे व अ‍ॅकीचे झाड पत्नी इसिल्डा हिला. तिच्या पश्चात टोरांटोस्थित मुलगी मार्व्हा हिला, पण विकण्याचा हक्क कुणालाही नाही. ही कुटुंबाची जमीन आहे आणि कुटुंबाची जमीन विकत नसतात. जावई कर्क याला हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. तो प्रत्येक वेळी मान हलवतो आणि पुढच्या फोनवर पुन्हा विचारतो, "पपा, एकराला किती भाव चाललाय तिकडे?"

कलम तीन. बँकेतील शिल्लक मार्व्हाला. त्या पैशांतून तिने दर वर्षी आईला भेटायला यावे. कर्कला एक नवी पन्नासची नोट द्यावी, ती प्लास्टिकसारखी, घडी घातली की आपणहून उलगडते ती. दोघांचे स्वभाव जुळतील.

कलम चार. माझे भिंग ग्रंथालयाच्या मिस यानिक स्टेनेट यांना. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. या परगण्यात कागद शेवटपर्यंत वाचणारी तेवढी एकच व्यक्ती मला भेटली.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट. माझा नाण्यांचा व नोटांचा संग्रह, कपाटासह, फाल्मथच्या ग्रंथालयाला. तो फोडायचा नाही, विकायचा नाही, या बेटाबाहेर न्यायचा नाही. हा संग्रह मी पैसे ओतून नव्हे, टपाल कचेरीच्या खिडकीत बसून जमवला. लोक आजीच्या डब्यात सापडलेले काहीबाही घेऊन यायचे आणि विचारायचे, "साहेब, हे अजून चालतं का?" चालत नसे. मी माझ्या पगारातून चालणारे देऊन ते ठेवून घेत असे. त्यात इंग्रज राजाची अक्षरे ठोकलेले स्पॅनिश रुपे आहे. पाच शिलिंगची नोट आहे. एकोणिसशे एकोणसत्तरच्या डॉलरच्या पहिल्या नोटा आहेत, त्यांतली पन्नास सेंटची नोट आता पोरांना दाखवली तर हसतात. अ‍ॅकीचे फळ असलेला एक सेंट आहे, जो सरकारने दोन हजार अठरा साली दहा आणि पंचवीस सेंटबरोबर मोडीत काढला. डोळ्यांदेखत एवढा पैसा मेलेला पाहिलेला माणूस मी आहे, तेव्हा मला मृत्युपत्र लिहायला कुणी शिकवू नये.

डॉलर आला तेव्हा तीन आठवडे मी खिडकीत घसा फोडत होतो. शिलिंगचे दहा सेंट, शिलिंगचे दहा सेंट! रांगेत एक बाजारवाली मुलगी होती, डोक्यावर रताळ्यांची टोपली. ती म्हणाली, "बरं, मग एका पेनीचे किती?"

मी म्हणालो, "एका सेंटचे सहा भाग कर, त्यातले पाच."

"आणि सहावा कुठे गेला? तुझ्या खिशात?"

सगळी रांग खो खो हसली. ती मुलगी इसिल्डा. सहाव्या भागाचा हिशोब ती अजून मागते.

संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे क्वाटी. दीड पेनीचे चांदीचे नाणे, करंगळीच्या नखाएवढे. गुलामी सुटण्याच्या त्याच वर्षांत ते आले. आमच्या माणसांनी तेव्हापासून एक हट्ट धरला होता, की चर्चच्या दानाच्या थाळीत तांबे टाकायचे नाही. देवाला तांबे चालत नाही! चांदीची क्वाटी टाकायची. म्हणून तिला ख्रिस्ती क्वाटी म्हणत. हा हट्ट बाजारातही गेला, लोक तांब्याला हात लावीनात, शेवटी सरकारने हात टेकले आणि अठराशे एकोणसत्तरला पांढऱ्या धातूची पेनी पाडून आणली. जमैकाचे पहिले स्वतःचे नाणे असे आमच्या आडमुठेपणातून निघाले, याचा मला अभिमान वाटतो आणि घरात त्याचाच मला ताप होतो.

कारण माझ्याकडे सहा क्वाट्या होत्या. गेल्या वर्षी मिस स्टेनेट संग्रह पाहायला आल्या, मी ऐटीत खण उघडला, आत एकच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इसिल्डा दारात झाडू घेऊन उभी होती, तिने लपवलेसुद्धा नाही.

"दर मुक्तिदिनाला, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, एक टाकते मी थाळीत. क्वाटी देवाची असते. तू ती डांबून ठेवलीस."

"अगं, ती एकेक क्वाटी मिळवायला मला वर्षं लागली!"

"मग देवाला किती वर्षं थांबवायचं?"

मिस स्टेनेट बिचाऱ्या भिंतीकडे पाहत होत्या. निघताना एवढेच म्हणाल्या, "मास्टर टुलोक, समितीची एकच अट आहे, संग्रहात क्वाटी हवी. तिच्याशिवाय आपली गोष्ट सुरूच होत नाही. क्वाटी नसेल तर समिती कपाट घेणार नाही." आणि ग्रंथालयाने नाही घेतले, तर माझी माती झाली त्याच आठवड्यात कर्क सगळे लिलावाला धाडील, हे मी सांगायची गरज नाही. त्या रात्री मी खणाला कुलूप घातले. राहिलेली एक क्वाटी या कलमान्वये ग्रंथालयाला.

कलम सहा. मी गेल्यानंतरच्या नवव्या रात्रीच्या जागरणाला तळलेली मासळी, पाव, कॉफी आणि डॉमिनो असावेत. रम असावी, पण आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन ग्रिझलच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. स्तोत्रे त्याने म्हणू नयेत. त्याचा आवाज मी जिवंतपणी पुरेसा सोसला आहे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीदार आले. शिवणकाम करणाऱ्या मिस व्हॅष्टी लम्सडेन आणि टॅक्सीवाले सेबर्ट हॉटन. त्यांना क्वाटी दाखवावी म्हणून मी खण उघडला.

रिकामा.

कुलूप जागच्या जागी. किल्ली मी पायमोज्यांत ठेवतो. पायमोजे कोण धुते? मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात इसिल्डा चर्चमधून परतली, सोबत डीकन ग्रिझल, साक्षीदार व्हायच्या आशेने नवा कोट चढवून.

मी म्हणालो, "डीकन, माझी क्वाटी परत द्या. सहाच्या सहा द्या."

"ब्रदर टुलोक, थाळीत पडलं ते देवाचं झालं. बाहेर काढायचं तर सगळ्या मंडळींची सभा लागते, एकमत लागतं. आपल्या मंडळींचं कधी एकमत झालंय? पंख्याचा रंग ठरवायला आपल्याला दोन वर्षं लागली."

"मग त्या क्वाट्यांचं तुम्ही केलंत काय?"

"पहिली बँकेत भरायला नेली होती. खिडकीतली मुलगी म्हणाली, अंकल, तुमच्या कोटाचं बटण पडलंय. तेव्हापासून मी त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतो. सुरक्षित आहेत. आमच्याकडून काही म्हणता काही बाहेर जात नाही."

मी इसिल्डाकडे वळलो. "बाई, तुला कळतंय का तू काय केलंस? आता सगळं कपाट परदेशात विकलं जाणार!"

ती टोपी काढून बसली. आवाज चढवला नाही, म्हणूनच मी ऐकले. "फर्डी, तुझ्या त्या स्पॅनिश पैशांनी माझी माणसं मोजून विकत घेतली. क्वाटी हा त्यांच्या हातात पडलेला पहिला पैसा. तो त्यांनी खाल्ला नाही, थाळीत टाकला. त्या थाळीतून चर्चनं मळेवाल्याकडून जमीन घेतली आणि तुकडे करून वाटली. तू या खुर्चीत बसून मला ओरडतोयस ना, ही खुर्ची त्या जमिनीवर आहे. मी काय चूक केलं?"

मिस व्हॅष्टी डोळे पुसू लागल्या. मी रागाने रिकामा खण धाडकन बंद केला. पण रागातही टपाल कारकुनाचे डोके चालते. थाळीत पडलेले बाहेर निघत नाही. कोर्ट आले तरी, कर्क आला तरी, ज्या मंडळींचे पंख्याच्या रंगावर एकमत होत नाही त्यांचे विक्रीवर काय होणार? म्हणून पुढीलप्रमाणे लिहितो.

कलम सात. कलम पाचमधील ग्रंथालयाला दिलेले दान रद्द. संपूर्ण संग्रह माझ्या मृत्यूच्या क्षणापासून गिलियडच्या चर्चच्या मालकीचा. चर्चने तो दर्शनी भिंतीवर काचेत मांडावा, सहा क्वाट्या सर्वांत आधी. बिस्किटांचा डबा चालणार नाही. मिस स्टेनेट यांनी शाळेच्या मुलांना कधीही आणावे, त्यांना अडवू नये.

हे वाचून दाखवताच इसिल्डा म्हणाली, "तांबं नाही हं थाळीत टाकायचं. तुझ्या कपाटात इंग्रजांच्या तांब्याच्या पेन्या आहेत." हात जोडले मी या बाईपुढे.

कलम आठ. तांब्याची सर्व नाणी डीकन हायरम ग्रिझल यांना व्यक्तिशः. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, हे त्यांना समजावून सांगण्यात आले. ते नव्या कोटासह ओट्यावर जाऊन बसले आहेत.

कलम नऊ. चर्चची मालकी लगेच असली तरी प्रत्येक वस्तू थाळीत टाकायची ती इसिल्डाने, स्वतःच्या हाताने, आणि तोवर कपाट तिच्या ताब्यात. यावर ती म्हणाली, "मला कशाला अडकवतोस? तू गेलास की आठवड्याभरात मी मागोमाग येणार, मी देवाला सांगून ठेवलंय." रक्तदाबाच्या गोळ्या ती याच हिशोबाने घेत नाही, हे मला आज कळले.

म्हणून स्पष्ट लिहितो. दर रविवारी एकच वस्तू टाकावी. दोन नाहीत. संग्रहात तांबे वगळून दोनशेच्या वर वस्तू आहेत. त्या संपेपर्यंत इसिल्डा टुलोक हिने मरू नये. गोळ्या घ्याव्यात. ही विनंती नाही, मृत्युपत्रातील कलम आहे, आणि ते तिला बंधनकारक आहे.

"आणि रविवारी पाऊस असला तर?" ती विचारते आहे.

छत्री घ्यावी.

वरील सर्व मजकूर साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि त्यांच्यादेखत सही केली.

फर्डिनंड ऑ. टुलोक

साक्षीदार: व्हॅष्टी लम्सडेन, शिवणकाम, गिलियड
साक्षीदार: सेबर्ट हॉटन, टॅक्सीचालक, गिलियड

गिलियड, ट्रेलॉनी परगणा, जमैका
१ ऑगस्ट २०२४