देवानं मुक्काम हलवला

२२ नोव्हेंबर २०२५, नळदुर्ग

दुकान बंद. म्हणजे मांडलंय – भंडारा, खोबरं, नारळ, सगळं जागेवर. मोबाईलमधलं बंद! काल खंडोबा अणदूरहून इथं आले, त्यांच्या मागं आमचा टेम्पो, आणि दरवर्षीसारखा मी हाटवाट ॲपवर दुकानाचा पत्ता बदलला. या वेळी ॲपनं कारण विचारलं. दिलेल्या पर्यायांत आमचं कारण बसेना, म्हणून लिहिलं – 'देवानं मुक्काम हलवला.' सकाळी उत्तर आलं. पत्ता संशयास्पद, खातं कायमचं बंद.

ओळीतले बाकीचे दुकानदार बारा महिने अणदूरचाच पत्ता ठेवतात. त्यांना काही झालं नाही. खरं सांगितलं ते मी एकटीनं!

पौष पौर्णिमेच्या यात्रेला सोलापूर-पुण्याचे लोक ॲपवरच आधी कळवतात – तळी कुणाच्या नावानं भरायची, नवस कशाचा. ती सगळी माणसं आता त्या ॲपच्या पोटात. माझ्याकडं वेगळा एकही नंबर नाही. यात्रा हुकली तर वर्ष हुकलं.

२४ नोव्हेंबर

हेल्पलाइनवर बाई बोलते, पण ती बाई नाही, यंत्र आहे. "तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकते." सारखं तेच. शेवटी सासूबाईंनी फोन घेतला. "आगं बाय, देव दोन म्हैने हितं, बाकी अणदूरला. समद्या जिल्ह्याला ठावं हाय. तुला कसं न्हाय?"

ते पण तिनं समजून घेतलं.

२७ नोव्हेंबर

नवरा, कुमार, म्हणतो, "जाऊ दे मंजुषा, दुसरं ॲप घेऊ. एवढ्या मोठ्या कंपनीशी कुठं भांडत बसतीस?" आणि माणसं कुठून आणू? मामंजींनी जन्मभर जोडलेली ती माणसं. मामंजी काहीच लिहून ठेवायचे नाहीत. म्हणायचे, नवस ऐकायचा, देवाच्या कानावर घालायचा अन् इसरायचा.

धाराशिवला जाऊन ग्राहक आयोगात तक्रार दिली. वकील नाही. मीच.

१६ डिसेंबर

जिंकले!

कंपनीचे वकील पडद्यावर होते, कोट-टाय घालून. म्हणाले, एका दुकानाला कायमचा एकच पत्ता हवा, तसा नियम आहे. मी म्हटलं, साहेब, देव हलला की दुकान हलतं, मी नळदुर्गात भंडारा मांडून अणदूरचा पत्ता कसा सांगू? अध्यक्ष मॅडमनी चष्मा काढून त्यांना विचारलं, "देवाचा कायमचा पत्ता कोणता, ते सांगता का?" वकील कागद चाळत बसले. मग मी सांगितलं की, देव हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. मोबाईलमधला फोटोच दाखवला. मॅडम म्हणाल्या, "देव करार करून पत्ता बदलतात, आणि तुम्हाला तो संशयास्पद वाटतो?"

मागं बसलेले सगळे हसले. अंतरिम आदेश झाला – खातं लगेच चालू करा आणि बाईंची सगळी माहिती त्यांच्या हातात द्या. तुळजापूरच्या स्टँडवर एकटीनं दोन प्लेट भजी खाल्ली.

१९ डिसेंबर

खातं चालू. फोन खाली ठेवायला सवड नाही. 'जाऊ दे' म्हणणारा कुमार आता चहाच्या टपरीवर सांगतोय, आमच्या घरच्यांनी कंपनी वाकवली म्हणून. सांगू दे. मला ऐकायला आवडतं.

२१ डिसेंबर

कंपनीनं माहिती पाठवली. नंबर आहेत, सगळ्यांचे. आनंदानं वाचत गेले आणि एका पानावर थांबले. माझ्या माणसांचे कप्पे केलेत. 'अपत्य नाही.' 'दीर्घ आजार.' 'लग्न जुळत नाही.' शेजारी, त्यांची माहिती कुठल्या जाहिरातदाराला दिली ते.

नवस आहेत ते. आमच्याकडं बोललेले.

बार्शीच्या सिताबाईंनी सुनेच्या लेकरासाठी नवस सांगितला होता. मागं म्हणाल्या होत्या, "तवापासनं सुनंच्या मोबाईलवर पोरं हुन्याच्या दवाखान्याच्याच जाहिराती येत्यात गं. रडती बिचारी. माज्या मनातलं कसं कळतंय त्याला?" मी हसण्यावारी नेलं होतं. आज स्वतःचीच लाज वाटली, आणि मग नुसता संताप.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या भंडारा चाळत होत्या. "तुजे मामंजी इसरायचे," एवढंच म्हणाल्या.

२८ डिसेंबर

रोज फोन. एकेकाला माझा नंबर देते, काय झालं ते खरं सांगते. दोघं चिडले. बाकीच्यांनी नंबर लिहून घेतला. सिताबाई म्हणाल्या, "आता तुलाच सांगन."

३ जानेवारी २०२६, पौष पौर्णिमा

पहाटेपासून दुकानापुढं रांग. सगळे आले – थेट माझ्या नंबरवर सांगून.

गर्दीतच खातं बंद केलं. मीच. सगळ्यांची माहिती पुसून टाका, अशी मागणीही पाठवली. ॲपनं कारण विचारलं. या वेळीही पर्यायांत बसेना.

लिहिलं – 'आम्ही मुक्काम हलवला.'