अर्ज तुझा, अक्षर माझे

वडनेर भोलजी

प्रिय भाऊ,

बंगलोरहून उत्तर आले. तुला संशोधनासाठी घेतले आहे. विषयही तुझाच ठेवला आहे, विमानाच्या पंखावरून जाणारा वारा. तुझ्या तेरवीचा मांडव सोडत होतो तेव्हा पोस्टमन आला. या पत्राला उत्तर द्यायचे आहे आणि ते मलाच द्यायचे आहे. म्हणून आधी तुला लिहितो.

मला रडू येत नाही. सगळे विचारतात, मी मान हलवतो.

खळ्यावरचे आठवते का? आई तिवईवर उभी राहून ज्वारी उपणत होती आणि तू तिच्या दुसऱ्या सुपाला दोरे चिकटवलेस! मी सूप वाऱ्यात धरून उभा. "दोरा सपाट राहिला तं वारा सरळ जाऊन राह्यला. फडफडला का तिथं बिघडला," तू सांगत होतास. काकू म्हणाली, "सुपाले दाढी काऊन लावली रे?" आणि तू डॉक्टर होणार, पण विमानांचा, हे कळल्यावर गणपतकाका म्हणाले, "विमानाले बी ताप येते काय?" किती हसलो आपण!

मग ताप तुलाच आला. मुदतीचा.

तुझे सगळे अर्ज मी लिहिले. इंग्रजी तुझे, अक्षर माझे. नववीत माझी शाळा सुटली, अर्थ अर्धाच कळायचा, पण प्रत्येक शब्द मी तीनदा ताडून पाहत असे. तुझे अक्षर इतके वाईट का होते रे?

आता बाबा माझे अक्षरच धरून बसले आहेत. "पुढच्या साली येतो म्हणून त्याच्याच नावानं लिही. अक्षर तं तेच आहे, त्यायले काय समजते? जागा राखून ठेवतीन."

"पुढच्या साली कोन जाईन, बाबा?"

"ते मी पाहून घेईन."

ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल मघाच पाणी प्याले होते.

दोन ओळी लिहिल्याही असत्या. पण मुलाखतीहून आल्यावर तू त्या साताऱ्याच्या मुलाबद्दल बोलला होतास. त्याचा पेन अडला, तू तुझा दिलास. "जागा एकच आहे रे. मले भेटली तं त्याची जाते." हे मला का सांगितलेस? सांगितले नसतेस तर सोपे गेले असते.

आणि इंग्रजीत 'वारला' कसे लिहायचे, ते मात्र सांगितलेच नाहीस! तुझ्या एकाही अर्जात तो शब्द नव्हता.

उद्या शाळेत जाऊन गुरुजींना विचारून येईन. खरे तेच लिहीन, आणि जागा त्या मुलाला द्यावी असेही लिहीन. टाकण्याआधी बाबांना वाचून दाखवीन, मराठीत, सावकाश. ते ओरडले तरी शेवटपर्यंत वाचीन. हा माझा शब्द.

सुपाचे दोरे आईने अजून काढलेले नाहीत. तशीच ज्वारी पाखडते.

बंगलोरला ते अक्षर ओळखतील. त्याखाली या वेळी नाव मात्र माझे असेल.

तुझा धाकटा,
श्रीधर