वत्सूच्या खोलीतला वास

८ डिसेंबर १९७४
गिरणीच्या भोंग्याबरोबर आईने बंब पेटवला आणि वत्सू खोकू लागली. धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आठवा सरला. दमा लहानपणापासूनचा. तिची खोली न्हाणीला लागून. उठून खिडकीचे गज धरून बसली. श्वास पुरत नव्हता.

काल जेऊरहून तिचे सासरे आले होते. बंबाला म्हणून शेंगांच्या टरफलांचे पोते घेऊन. चहा घेता घेता म्हणाले, "पोरीला हितं लई धाप लागती. पुढल्या ऐतवारी येतो. असंच असलं तर न्हेतो आमच्याकडं." रागाने नव्हे, काळजीने. तिकडे हवा चांगली. पण डॉक्टरीणबाई इथे, दवाखाना इथे. तिथे अवेळी दम लागला तर —

९ डिसेंबर
आई म्हणते, बंबच बंद करू. मग पाणी कशावर? रॉकेल मिळत नाही. बाळंतिणीला हंडेच्या हंडे लागणार.

न. म्हणाली, "बंद नको. धूर कुठून येतो ते आधी बघू." माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते, घरात शिकवत नाही. पेटती उदबत्ती घेऊन बंबाभोवती फिरली. खालची जाळी, नळीचा सांधा. धुराची रेघ कुठे वाकते ते पाहत.

आई दारातून, "बंबाची पूजा कसली गं?"

"नैवेद्य तुम्ही दाखवा, आई."

वत्सू आतून हसली. हसता हसता खोकली.

सांधे शाबूत. उदबत्ती झरोक्यापाशी नेली तेव्हा रेघ आत वळली. नळीतून बाहेर गेलेला धूर झरोक्यातून घरात परत येतो आहे.

११ डिसेंबर
पत्रेवाले अब्बासभाई आले. मान वर करून पाहिले. "पैप ठिंगना है, भाभी. धुवां छप्पर के नीचेच घूमता." नळी छपराच्या वर काढली, टोपी बसवली. न. पदर खोचून शिडी चढली, स्वतः पाहून आली. शिडी आईने धरली होती, डोळे मिटून.

बंब पेटवला. धूर सरळ वर. आईने हात जोडले. बंबाला की सुनेला, कळले नाही.

१२ डिसेंबर
धूर नाही. वास आहे.

बंब थंड झाल्यावरही, संध्याकाळीसुद्धा, वत्सूच्या खोलीत तोच वास. खोकला कमी, पण आहे. मी न.ला म्हणालो, रविवारी जाणार ती. न. म्हणाली, "वास कशाला तरी धरून राहतो." एवढेच. वाक्य गोष्टीसाठी टिपून ठेवतो.

१३ डिसेंबर
शाळा सकाळची. दुपारी न.ने वत्सूची खोली रिकामी केली. गादी, उशा, पडदा. एकेक वस्तू नाकाशी नेऊन. शेवटी उशाशी ठेवलेली पेटी. आत दुपटी, आईने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. थंडीत ओल राहू नये म्हणून आई ती रोज बंबावर दोरी बांधून शेकत होती आणि ऊब असतानाच घड्या घालून वत्सूच्या उशाशी ठेवत होती. येणाऱ्या बाळाचे कपडेच धूर आत आणत होते.

न.ने ती पेटी आईसमोर ठेवली, फक्त. आईने वरचे दुपटे हुंगले. पुन्हा हुंगले. मग सगळी उचलून न्हाणीत नेली. मी म्हणालो, उद्या धुणेवाल्या बाईला सांगू. आई म्हणाली, "माझे हात आहेत की." न.ने दुसरे टोक धरले. दोघी पिळत होत्या, उलट दिशांनी. चूक कुणाची, हा विषय दोघींपैकी एकीनेही काढला नाही. असे लिहिता आले पाहिजे.

१५ डिसेंबर
सासरे सकाळीच आले. बंब पेटलेला. वत्सूच्या खोलीत बसून श्वास ओढून पाहिला. "वास कुटं हाय? मोकळं वाटतंय की." वत्सू म्हणाली, "मामा, दोन रात्री आडवी झोपले." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग ऱ्हाऊ द्या हितंच."

निघताना पिशवीतून लाल फडक्याची पुरचुंडी काढली. ओवा, वावडिंग, धूप. "धुरीचं हाय, विहीणबाई. हिच्या सासूनं निवडून दिलंय. बाळंतिणीला धुरी पायजे."

आईने पुरचुंडी कपाळाला लावून घेतली. न. खिडकीबाहेर पाहत होती.

२८ डिसेंबर
मुलगी. दोघी सुखरूप. दवाखान्यात दम लागला नाही. वत्सू म्हणाली, "वहिनीला सांग, दुपट्यांना उन्हाचा वास येतो."

उद्या घरी. आईने बाजेखाली ठेवायची शेगडी घासून काढली. "धुरीशिवाय बाळंतपण मी पाहिलं नाही. माझी दोन्ही तशीच झाली."

न. म्हणाली, "डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात, आई. पण ठरवा तुम्ही." टोमणा नव्हता. इतके करून तिने निर्णय आईच्या हाती दिला. मला जमले नसते.

संध्याकाळी आईने पुरचुंडी सोडली. ओवा वेगळा काढला, वत्सूला चावायला. वावडिंग वेगळे, बाळाच्या पाण्यात उकळायला. उरलेला धूप शेगडीपाशी न ठेवता पुन्हा फडक्यात बांधला आणि फडताळात ठेवला. खालच्या फळीवर, हाताला येईल असा.